पाठांतर कोणासाठी?

चेन्नई शहरातील मैलापूर हा भाग स्मरणशक्तीचे माहेरघर म्हणावा असा आहे. कपालीश्वराच्या देवळापासून थोड्याच अंतरावर, १९०६ साली व्ही. कृष्णस्वामी अय्यर यांनी स्थापन केलेले संस्कृत महाविद्यालय आहे. ज्या परंपरेतून अशा संस्था उभ्या राहिल्या, तिच्यात ग्रंथ हातात घेण्यापूर्वी तो मुखात असावा लागे. वेदपाठी विद्यार्थी एकच मंत्र आधी सरळ म्हणतो, मग त्यातील पदे सुटी करतो, मग त्यांच्या जोड्या लावतो आणि पुढे त्याच पदांची जटा व घन अशा उलटसुलट क्रमांनी आवर्तने करतो. एक स्वरही चुकू नये यासाठी ही सारी योजना आहे. मार्गळी महिन्यात याच भागातील सभागृहांतून गायक-गायिका पुढ्यात कागद न घेता तास-दोन तास गातात.

याच मैलापुरात समुद्राजवळ सांतोमचे महामंदिर उभे आहे. प्रभूचा प्रेषित थोमा याला इसवी सन ७२ च्या सुमारास या परिसरात हौतात्म्य प्राप्त झाले आणि त्याला येथे पुरण्यात आले, अशी परंपरा आहे. पोर्तुगीजांनी येथे सोळाव्या शतकात चर्च बांधले आणि आजची इमारत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीची आहे. परंतु त्यापूर्वी कित्येक शतके ही हकीकत दक्षिणेतील ख्रिस्ती लोकांनी गीतांतून आणि आजी-आजोबांच्या तोंडून जपली. तेराव्या शतकाच्या अखेरीस आलेल्या मार्को पोलो या प्रवाशानेही येथील कबरीची आणि तेथे येणाऱ्या यात्रेकरूंची हकीकत सांगितली आहे. दगडी भिंती उभ्या राहण्यापूर्वी थोमाचे स्मारक माणसांच्या स्मृतीत उभे होते.

अशा या स्मरणप्रिय प्रदेशाशी संबंधित एका घटनेने एक नैतिक प्रश्न निर्माण केला आहे. राजन श्रीनिवासन महादेवन यांचा जन्म १९५७ साली मद्रासमध्ये झाला आणि त्यांचे बालपण मंगळूरला गेले. घरी समारंभाला आलेल्या पाहुण्यांच्या मोटारींचे क्रमांक ते लहानपणीच धडाधड सांगत. ५ जुलै १९८१ रोजी मंगळूर येथे त्यांनी श्रोत्यांसमोर ‘पाय’ या संख्येचे पहिले ३१,८११ अंक तोंडपाठ म्हणून दाखविले. मधली विश्रांती धरून त्यांना ३ तास ४९ मिनिटे लागली. पुढच्या अंकावर ते चुकले आणि थांबले. गिनेसच्या विक्रमग्रंथात त्यांचे नाव नोंदले गेले.

पुढे हा विक्रम अनेकांनी मोडला. २१ मार्च २०१५ रोजी मैलापूरपासून सुमारे १४० किलोमीटर अंतरावरील वेल्लोर येथे राजवीर मीणा या तरुणाने डोळ्यांना पट्टी बांधून ७०,००० अंक म्हटले. त्याला जवळजवळ दहा तास लागले. त्यानंतर बरोबर सात महिन्यांनी, २१ ऑक्टोबर २०१५ रोजी, जयपूर येथे सुरेश कुमार शर्मा यांनी ७०,०३० अंक म्हटले. सत्तर हजारांवर केवळ तीस!

वाचकहो, हे वृत्त ऐकताच प्रथम आश्चर्य वाटते आणि लगेच मनात शंका येते. देवाने दिलेली एवढी मोठी शक्ती मनुष्याने अंकांच्या एका रांगेवर खर्च करावी काय? या रांगेत बोध नाही, काव्य नाही, कोणाचे दुःख हलके करण्याची शक्ती नाही. मग ही साधना म्हणावी, खेळ म्हणावा, की दिलेल्या तालंताचा अपव्यय म्हणावा?

उत्तर शोधण्यापूर्वी ही रांग कसली आहे ते पाहिले पाहिजे. वर्तुळाच्या परिघाला त्याच्या व्यासाने भागले असता जी संख्या येते तिला ‘पाय’ म्हणतात. वर्तुळ बांगडीएवढे असो वा पृथ्वीएवढे, ही संख्या बदलत नाही. राजांच्या पहिल्या पुस्तकाच्या सातव्या अध्यायात शलमोनाच्या मंदिरातील गंगाळसागराचे माप दिले आहे. त्याचा व्यास दहा हात आणि घेर तीस हात होता. कारागिराच्या दोरीने घेतलेल्या या मापातून ‘पाय’ची किंमत तीन येते. शाळेत आपण बावीस सप्तमांश शिकलो. इसवी सन ४९९ मध्ये आर्यभटाने वीस हजार व्यासाच्या वर्तुळाचा परीघ ६२,८३२ सांगितला आणि त्याला ‘आसन्न’, म्हणजे जवळचा, असे विशेषण लावले. आपल्या महाराष्ट्रात चाळीसगावजवळच्या पाटण येथे ज्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी पुढे मठ स्थापन झाला, त्या भास्कराचार्यांनी ११५० च्या ‘लीलावती’त दोन किंमती दिल्या. एक सूक्ष्म आणि दुसरी व्यवहारापुरती स्थूल. आपले उत्तर पूर्ण नाही हे सांगण्याची नम्रता या जुन्या गणित्यांपाशी होती.

ती नम्रता योग्य होती हे पुढे सिद्ध झाले. १७६१ साली लॅम्बर्ट या गणितज्ञाने दाखविले की ‘पाय’ ही संख्या कोणत्याही अपूर्णांकाने नेमकी लिहिता येत नाही. तिचे दशांश अंक कधी संपत नाहीत आणि त्यांत कोठेही एकच ठरावीक साखळी पुन्हा पुन्हा येऊ लागत नाही. मैलापूरपासून जवळच असलेल्या ट्रिप्लिकेनमध्ये राहून मद्रास पोर्ट ट्रस्टमध्ये कारकुनी करणाऱ्या श्रीनिवास रामानुजन यांनी ‘पाय’ काढण्याच्या अद्भुत श्रेढी शोधल्या. त्यांचा निबंध १९१४ साली प्रसिद्ध झाला. १९८५ मध्ये त्यांतील एका श्रेढीच्या आधारे संगणकावर एक कोटी सत्तर लाखांहून अधिक अंक काढण्यात आले. २०२२ पर्यंत ही मजल शंभर लाख कोटी अंकांवर गेली. या सागरापुढे सत्तर हजार अंक म्हणजे ओंजळभर पाणी आहे.

आता उपयोगाचा विचार करू. अमेरिकेतील नासाची प्रयोगशाळा ग्रहांकडे याने पाठविताना जे अचूक गणित करते, त्यासाठी दशांशचिन्हापुढील केवळ पंधरा अंक तिला पुरतात. मग सोळाव्या अंकापासून सत्तर हजाराव्या अंकापर्यंतचे पाठांतर कशासाठी? ज्याला कधी त्यांची गरज पडेल त्याला ते यंत्रातून क्षणात मिळतील. उपयोगाच्या तराजूत घातले तर हे पाठांतर हलके भरते, हे मान्य केले पाहिजे.

परंतु उपयोग हा एकच तराजू आपण मानतो काय? बेथानीच्या घरात एका स्त्रीने अलाबास्त्र कुपी फोडून जटामांसीचे बहुमोल तेल प्रभूच्या मस्तकावर ओतले, तेव्हा तेथे बसलेल्यांनी हाच हिशेब मांडला होता. हे तेल तीनशे दिनारांहून अधिक किमतीला विकून पैसे गरिबांना देता आले असते, अशी त्यांची कुरकुर होती. हिशेब चुकीचा नव्हता. तरी प्रभूने त्या स्त्रीची बाजू घेतली आणि जेथे जेथे सुवार्ता गाजविली जाईल तेथे तिच्या स्मरणार्थ हे कृत्य सांगितले जाईल असे वचन दिले. मार्काने तिचे नावही दिलेले नाही. तरी दोन हजार वर्षे मंडळी तिला विसरलेली नाही. तेव्हा निरुपयोगी म्हणजे वाया गेलेले, असे समीकरण ख्रिस्ती मनुष्याला मांडता येत नाही. गाणे, फुलबाग, बुद्धिबळ, वेदीवरच्या वस्त्रावरील भरतकाम यांपैकी कशानेही पोट भरत नाही, तरी त्यांत माणूसपणाचा काही अंश प्रकट होतो. ‘पाय’चे अंक आवडीने पाठ करणाऱ्याला या पंगतीतून उठविण्याचा अधिकार आपल्याला नाही.

मग अडचण कोठे आहे? काहीजण म्हणतात, ‘पोपटपंची’त आहे, अर्थ न समजता पाठ करणेच वाईट. मला हे मत घाईचे वाटते. आपण लहानपणी पावकी, निमकी, दिडकी घोकली तेव्हा त्यांचा अर्थ कोणाला कळत होता? तो पुढे बाजारात गेल्यावर कळला. रविवारच्या शाळेत पाठ केलेले सुवर्णवचन सात वर्षांच्या मुलाला शब्दांपुरतेच ठाऊक असते. चाळीस वर्षांनी एखाद्या रुग्णालयाच्या बाकावर बसलेले असताना ते एकाएकी आठवते आणि उघडते. पाठांतराचे बी आधी पडते, अर्थाचा पाऊस मागाहून येतो. वेदपाठ्यांनीही याच विश्वासाने मुलांच्या मुखी मंत्र घातले.

‘पाय’च्या अंकांचे तसे नाही. त्यांच्या क्रमात पुढे कधी उलगडणारा उपदेश नाही. जन्मभर सांभाळले तरी दहा हजारावा अंक आपल्याला काही सांगणार नाही. आणि येथेच एक लक्षात घेण्याजोगी गोष्ट घडते. अर्थ नसलेले फार काळ धरून ठेवणे माणसाला जड जाते, म्हणून तो त्यात आपल्या पदरचा अर्थ भरतो. २००६ साली एक लाख अंक म्हणणाऱ्या जपानच्या अकिरा हारागुची यांनी अंकांना अक्षरे दिली आणि त्या अक्षरांच्या गोष्टी रचल्या. आपल्या दक्षिणेत ही कला फार जुनी आहे. कटपयादी पद्धतीत प्रत्येक व्यंजनाला एक अंक असतो. मैलापूरच्या सभांतून गायिल्या जाणाऱ्या शंकराभरण रागाचे शास्त्रातले पूर्ण नाव धीरशंकराभरण आहे. ‘ध’ म्हणजे नऊ आणि ‘र’ म्हणजे दोन. उलट वाचले की एकोणतीस, आणि बहात्तर मेळकर्त्यांत त्या रागाचा क्रमांकही एकोणतिसावा. केरळातील ‘करणपद्धती’ या ग्रंथात एक हजार कोटी व्यासाच्या वर्तुळाचा परीघ, म्हणजे ३१,४१,५९,२६,५३६ ही संख्या, अशाच अक्षरांत बांधलेली आहे. जेझुइट धर्मगुरू मात्तेओ रिची, जे चीनला जाण्यापूर्वी १५७८ पासून काही वर्षे गोव्यात व कोचीनला राहिले, त्यांनी चिनी विद्यार्थ्यांना मनात एक वाडा बांधून त्याच्या दालनांत आठवणींच्या मूर्ती मांडून ठेवण्याची रीत शिकविली. सर्वत्र युक्ती एकच. कोऱ्या अंकाला चेहरा द्यावा, मग तो घरात राहतो.

महादेवन यांचा अमेरिकेत मानसशास्त्रज्ञांनी अनेक वर्षे अभ्यास केला. अंकांच्या बाबतीत असामान्य असलेले हे गृहस्थ इतर अनेक बाबतींत सर्वसामान्यांसारखेच आढळले. अंकांऐवजी अनोळखी चिन्हे दाखविली तेव्हा त्यांनाही आरंभी आपल्याइतकीच, म्हणजे सहा-सातच्या आसपास, चिन्हे लक्षात राहिली. पुढे चिन्हांना अंकांचे रूप देण्याची युक्ती साधल्यावर त्यांची झेप वाढली. यावरून दिसते की स्मृती ही सर्व वस्तू सारख्याच ठेवणारी पेटी नव्हे. ज्याच्यावर मनुष्य दीर्घकाळ प्रीतीने लक्ष देतो तेच तिच्यात रुजते. म्हणूनच कोणी काय पाठ केले हे पाहिले की त्याने आपले आयुष्य कोणापुढे ठेवले हे कळते, आणि पाठांतर हा नीतीचा विषय होतो.

पण पाठांतर विपुल आहे एवढ्याने ते पवित्र होत नाही. मत्तयाच्या चौथ्या अध्यायात अरण्यातील परीक्षेच्या वेळी सैतानाने स्तोत्रसंहितेतील एक्याण्णवाव्या स्तोत्रातले शब्द म्हणून दाखविले. शब्द खरे होते, पण त्या शब्दांनी त्याच्याकडून काही मागितलेले नव्हते. उत्तर देणाऱ्या प्रभूनेही अनुवादाच्या पुस्तकातील वचने स्मरणातूनच सांगितली, आणि त्या वचनांसाठी तो चाळीस दिवस उपाशी होता. दोघांच्याही मुखी शास्त्रवचने होती. फरक इतकाच की एकाने शब्द वापरले आणि दुसरा शब्दांच्या अधीन झाला.

आपल्या पंडिता रमाबाईंचे जीवन या संदर्भात आठवते. आई लक्ष्मीबाईंनी त्यांना संस्कृत शिकविले आणि भागवताचे हजारो श्लोक बालपणीच त्यांच्या मुखी झाले. डोंगरे कुटुंब तीर्थोतीर्थी हिंडून पुराणे सांगे आणि श्रोते जे देतील त्यावर निर्वाह करी. रमाबाईंनी पुढे लिहिले आहे की ऐकणाऱ्यांना अर्थ कळो न कळो, श्रवणाने पुण्य लाभते अशी समजूत होती. १८७४ च्या सुमारास दक्षिणेतील दुष्काळात आई, वडील आणि बहीण एकामागून एक गेली. १८७८ मध्ये कलकत्त्याच्या विद्वानांनी त्यांना ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या. एवढ्यावर त्या थांबल्या असत्या तर विद्वत्तेचा एक विक्रम नोंदला गेला असता. पण पाठ केलेल्या ग्रंथांना त्यांनी प्रश्न विचारले, आणि विधवांच्या व अनाथांच्या दुःखापुढे ती सारी विद्या आणून ठेवली. केडगावच्या मुक्तिसदनात हिब्रू व ग्रीक भाषांवरून पवित्र शास्त्राचे मराठी भाषांतर त्यांनी १९२२ मधील आपल्या मृत्यूपूर्वी पुरे केले. बालपणीच्या पाठांतराने तयार झालेली बुद्धीच या कामी आली. साधना वाया गेली नाही, तिला धनी मिळाला.

आणखी एक उदाहरण थेट ‘पाय’शी निगडित आहे. इंग्लंडमधील विल्यम शँक्स यांनी अनेक वर्षे हाताने आकडेमोड करून १८७३ मध्ये ‘पाय’चे ७०७ दशांश अंक प्रसिद्ध केले. एडिंबरो विद्यापीठाचे गणिताचे प्राध्यापक अलेक्झांडर एटकिन यांनी ते सर्व पाठ केले. १९४० च्या दशकात उघड झाले की शँक्स यांची ५२८ व्या अंकावर चूक झाली होती आणि त्यापुढचे सारे अंक खोटे होते. एटकिन यांना ते विसरून नवे शिकावे लागले, आणि त्यांनी ते हजारापर्यंत शिकले. स्मृतीने वर्षानुवर्षे एक चूक इमानाने सांभाळली होती. ते स्वतः म्हणत की हे पाठांतर त्यांना इतके सोपे गेले नसते तर तो निंद्य असा निरर्थक उद्योग ठरला असता.

हेच एटकिन पहिल्या महायुद्धात न्यूझीलंडच्या सैन्यात होते. १९१६ साली फ्रान्सच्या आघाडीवर त्यांच्या पलटणीची मोठी हानी झाली. कोण जिवंत आहे आणि कोण नाही हे ठरविण्यासाठी हजेरीचे पुस्तक हवे होते, पण ते सापडत नव्हते. थकून पडलेल्या या तरुणाने डोळ्यांपुढे ते पान आणले आणि आपल्या तुकडीतील प्रत्येकाचे पूर्ण नाव व क्रमांक एकेक करून सांगितले. ती यादी लिहून घेण्यात आली. त्या नावांमागे कोणाची आई होती, कोणाची पत्नी होती, आणि त्यांना कळविणे आवश्यक होते. या प्रसंगाची किंमत एटकिन यांनी जन्मभर मोजली. ज्या स्मृतीने नावे राखली तिनेच रणांगणावरील दृश्ये पुसू दिली नाहीत, आणि त्या आठवणींनी त्यांचे मन वारंवार खचत असे.

‘पाय’चे अंक आणि सैनिकांची नावे एकाच मस्तकात, एकाच शक्तीने ठेवलेली होती. अंक विसरले तर कोणाचे काही गेले नसते; ते छापलेले होते आणि पुन्हा काढता आले असते. नावे मात्र त्या घटकेला दुसऱ्या कोठेही नव्हती. अंकांनी एटकिन यांच्याकडून काही मागितले नाही, नावांनी त्यांची झोप मागितली. आपल्या प्रश्नाचे उत्तर मला येथे दिसते. पाठांतराचे मोल किती साठविले यावर ठरत नाही. ज्याचे स्मरण केले त्याच्याशी आपण बांधले जातो की नाही, आणि गरजेच्या वेळी ते स्मरण कोणाच्या तरी ओंजळीत देतो की नाही, यावर ते ठरते.

म्हणून सत्तर हजार अंक म्हणणाऱ्या तरुणाला दोष देण्याचे कारण नाही. त्याने चिकाटी शिकली, मन आवरायला शिकला, आणि एका अंतहीन गोष्टीपुढे उभे राहण्याचे धैर्य दाखविले. शंका घ्यायचीच असेल तर ती त्या शेवटच्या तीस अंकांविषयी घ्यावी, जे कदाचित केवळ दुसऱ्याच्या पुढे जाण्यासाठी म्हटले गेले असतील. अर्थात अंतःकरण परमेश्वर जाणतो. असे तीस अंक आपल्या प्रत्येकाच्या आयुष्यात असतात. कोणाच्या गायनात, कोणाच्या दानधर्मात, कोणाच्या प्रार्थनेच्या लांबीतसुद्धा ते असतात.

आज यंत्रे आपल्यासाठी सर्व काही लक्षात ठेवतात. मुलाचा दूरध्वनी क्रमांक, मित्राचा वाढदिवस, गावाचा रस्ता, सारे खिशातील यंत्राच्या स्वाधीन झाले आहे. त्यामुळे स्मृतीचे पुष्कळ ओझे उतरले, ही सोयच झाली. परंतु यंत्र आठवण ठेवते तेव्हा कोणावर प्रीती करीत नाही. एखाद्या वृद्धाला त्याच्या नावाने हाक मारली, त्याच्या मुलाची परीक्षा कधी होती हे न विसरता विचारले, तर त्याच्या चेहऱ्यावर जे उमटते ते कोणत्याही यंत्राच्या भांडारात नाही. उत्तम मेंढपाळ आपल्या मेंढरांना नावाने हाक मारतो, असे योहानाच्या शुभवर्तमानात आपण वाचतो. त्याची नावांची यादी कागदावर नाही.

ज्याला हौस आहे त्याने ‘पाय’चे शंभर अंक खुशाल पाठ करावेत. त्याबरोबर आपल्या मंडळीतील अंथरुणाला खिळलेल्यांची, परगावी एकट्या राहणाऱ्यांची आणि यंदा प्रभूमध्ये निजलेल्यांच्या घरच्या माणसांची नावेही पाठ करावीत. ही यादी सत्तर हजारांची होणार नाही. बहुधा वीस-पंचवीस नावांतच संपेल. ती रोज रात्री दिवा मालविण्यापूर्वी देवासमोर एकदा म्हणावी, आणि सकाळी त्यांतील एकाच्या दारी जावे.